नर्मदेच्या उतारांवरचा निमाड

इंदुराहून दक्षिणेस निघालेला प्रवासी महू मागे टाकून थोडा पुढे गेला, की माळव्याचे पठार एकाएकी संपते. जाम घाटाच्या माथ्यावर अहिल्याबाई होळकरांच्या कारकिर्दीतील एक भव्य दगडी दरवाजा उभा आहे. त्यातून खाली दृष्टी टाकली असता विंध्याद्रीचे तुटलेले कडे, त्यांच्या पायथ्याशी पसरलेला सखल मुलूख आणि दूर क्षितिजावर सातपुड्याची निळसर रांग असे विस्तीर्ण दृश्य दिसते. या दोन पर्वतांच्या मधून नर्मदा पश्चिमेकडे वाहत जाते. घाटाखालच्या ह्या मुलुखाला निमाड म्हणतात. जुन्या मराठी कागदपत्रांत त्याचा उल्लेख ‘प्रांत निमाड’ असा येतो.

आपल्या भाषेत ‘उतार’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. डोंगरावरून खाली येणारी वाट ती उतार, आणि नदी जेथे पायी किंवा नावेने ओलांडता येते ती जागाही उतारच. निमाडचा इतिहास या दोन्ही अर्थांनी उतारांचा इतिहास आहे. उत्तरेकडून आलेले सैन्य विंध्याचे घाट उतरून येथे आले व नर्मदेच्या उतारांवरून दक्षिणेत गेले. दक्षिणेकडून निघालेले सैन्य त्याच उतारांवरून माळव्यात चढले. ग्रंथांत नोंद झाली ती बहुधा या जाणाऱ्या-येणाऱ्यांची. पण जो मुलूख त्यांनी तुडविला, त्यात पिके काढणारा, वस्त्रे विणणारा, नावा वल्हविणारा एक समाज पिढ्यान्‌पिढ्या राहत आला आहे. या प्रांताला खरे वैभव कोणत्या काळात लाभले, हे पाहू गेल्यास तो काळ पार जाणाऱ्यांचा नसून येथे येऊन राहिलेल्यांचा होता, असे दिसून येते. त्याच दृष्टीने आज निमाडची ओळख करून घ्यावयाची आहे.

प्रथम भूगोल. आजच्या मध्य प्रदेशातील खांडवा, खरगोन, बडवानी व बऱ्हाणपूर हे चार जिल्हे आणि धार जिल्ह्यातील घाटाखालचा मनावर-कुक्षीकडील भाग मिळून स्थूलमानाने निमाड होतो. यांपैकी बडवानी १९९८ मध्ये खरगोनपासून आणि बऱ्हाणपूर २००३ मध्ये खांडव्यापासून वेगळे झाले. त्यापूर्वी खांडवा तो पूर्व निमाड व खरगोन तो पश्चिम निमाड अशी सरकारी नावेच होती. उत्तरेस विंध्याद्री, दक्षिणेस सातपुडा व त्यापलीकडे तापी, अशा सीमा धरल्या तर हा प्रांत दोन मोठ्या नद्यांच्या दरम्यान येतो. मात्र त्याचा प्राण नर्मदा हाच होय.

भारतातील बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेकडे वाहत असता नर्मदा व तापी पश्चिमेकडे वाहतात. भूकवचाला पडलेल्या भेगांमुळे जी खचदरी निर्माण झाली, तिच्यातून नर्मदेने आपला मार्ग धरला आहे. अमरकंटकापासून भडोचजवळ समुद्राला मिळेपर्यंत तिची लांबी १,३१२ किलोमीटर भरते. दोन्ही बाजूंस पर्वत जवळजवळ असल्याने तिचे खोरे लांबट व चिंचोळे झाले आहे. निमाडात मात्र ते थोडे मोकळे होते आणि नदीकाठी खोल काळी जमीन पसरते. ही जमीन ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून बनलेल्या काळ्या खडकाची झीज होऊन तयार झालेली. वऱ्हाड-खानदेशातील कापसाच्या जमिनीची ती सख्खी बहीण. नदीपासून दूर, सातपुड्याच्या पायथ्याकडे सरकावे तसतशी ती हलकी व बरड होत जाते. माळव्याच्या पठारावर उन्हाळ्यातील रात्री सुखाच्या म्हणून प्रसिद्ध आहेत. निमाडात ती सोय नाही. वैशाखात खरगोन-खांडव्याचे ऊन असह्य होते आणि सावली काय ती निंबांची. निमाड हे नाव या निंबांवरूनच पडले, असे काही सांगतात; नर्मदेच्या प्रवासाचा येथे निम्मा टप्पा होतो म्हणून हे नाव, असे दुसरे म्हणतात.

या काठावर मनुष्यवस्ती फार प्राचीन आहे. महेश्वरासमोर नदीच्या दक्षिण तीरावर नावडातोली नावाचे नावाड्यांचे गाव आहे. तेथे व महेश्वरास १९५२-५३ मध्ये पुण्याचे डेक्कन कॉलेज व वडोदऱ्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ यांनी मिळून उत्खनन केले. डॉ. ह. धी. सांकलिया व डॉ. बी. सुब्बाराव हे त्यातील प्रमुख विद्वान. पुढे १९५७ ते १९५९ या काळात नावडातोलीचे टेकाड अधिक विस्ताराने खणण्यात आले. लाल-पिवळसर मातीच्या भांड्यांवर काळ्या रंगाने चितारलेली नक्षी, तांब्याची व गारगोटीची हत्यारे, कुडाच्या गोल व चौकोनी घरांच्या खुणा आणि जळून कोळसा झालेले धान्य असा तेथील ऐवज आहे. त्या धान्यात गहू, मसूर, वाटाणा व जवस ही पिके ओळखता आली. वरच्या थरांत तांदूळही मिळाला. म्हणजे साडेतीन हजार वर्षांपूर्वी या काठावरचा शेतकरी एकाहून अधिक पिके घेऊन घर चालवीत होता. या प्रांताचा पहिला ज्ञात पुरुष कोणी राजा नाही. तो नाव माहीत नसलेला एक कुणबी आहे.

पौराणिक परंपरा महेश्वरास हैहयांची माहिष्मती मानते. सहस्रार्जुनाने आपल्या सहस्र बाहूंनी नर्मदेचा प्रवाह अडविला, ही कथा सर्वांस ठाऊक आहे. महेश्वराच्या खालच्या बाजूस नदी खडकांमधून असंख्य धारांनी फुटून वाहते, त्या स्थळास सहस्रधारा म्हणतात. काही अभ्यासक माहिष्मतीचे स्थान ओंकार मांधाता येथे धरतात. ते कसेही असो, नर्मदा ही उत्तर व दक्षिण यांमधील मर्यादा, ही कल्पना इतिहासकाळात दृढ झाली. कनोजचा सम्राट हर्षवर्धन सातव्या शतकात दक्षिणेकडे सरसावला, तेव्हा वातापीच्या दुसऱ्या पुलकेशीने त्याला अडविले आणि नर्मदा ही दोन साम्राज्यांची सीमा ठरली. पुलकेशीच्या त्या विजयाची साक्ष ६३४ सालचा ऐहोळेचा शिलालेख देतो.

परमारांच्या काळात निमाडला मंदिरे लाभली. खरगोनजवळ ऊन येथे त्या काळातील शैव व जैन देवळांचा समूह अजून उभा आहे. ओंकारेश्वरी नदीच्या मध्यावर मांधाता पर्वताचे बेट असून त्यावर ज्योतिर्लिंगाचे स्थान आहे. समोर दक्षिण तीरावर ममलेश्वराचे मंदिर आहे. या मंदिरातील १०६३ सालच्या शिलालेखात हलायुधाचे शिवस्तोत्र कोरलेले आढळते. बडवानीजवळ सातपुड्याच्या कड्यात कोरलेली आदिनाथांची ८४ फूट उंचीची मूर्ती ‘बावनगजा’ या नावाने विख्यात आहे.

मुसलमानी अमदानीत या प्रांताचे लष्करी महत्त्व एकदम वाढले. बऱ्हाणपूरच्या उत्तरेस सातपुड्याच्या एका सुळक्यावर असीरगड उभा आहे. हिंदुस्थानातून दक्षिणेत जाणारा राजमार्ग त्याच्या नजरेखालून जातो, म्हणूनच त्याला दक्षिणेचे महाद्वार म्हणत. खानदेशच्या फारुकी सुलतानांनी पंधराव्या शतकाच्या उंबरठ्यावर तापीकाठी बऱ्हाणपूर वसविले. अकबराने दीर्घ वेढ्यानंतर १६०१ च्या जानेवारीत असीरगड घेतला आणि फारुकींचे राज्य संपले. पुढे बऱ्हाणपूर हे मोगलांच्या दक्षिणेतील कारभाराचे ठाणे झाले. शहाजहानची बेगम मुमताज महल १६३१ मध्ये येथेच निवर्तली व तिचे पहिले दफनही येथेच झाले. या सर्वांपेक्षा टिकाऊ असे जे काम मोगलांनी येथे केले, ते १६१५ च्या सुमाराची पाण्याची योजना होय. सातपुड्याच्या पायथ्याशी मुरणारे पाणी भूमिगत कालव्यांनी, ठरावीक अंतरावर विहिरीसारखी कुंडे बांधून, केवळ जमिनीच्या उतारावर शहरात आणले आहे. कुंडी भंडारा या नावाने ती अजून पाहावयास मिळते.

उतारांचे महत्त्व कळावयास दोनच प्रसंग पुरेत. १६५८ मध्ये औरंगजेब बऱ्हाणपूरहून निघाला, खलघाटाजवळच्या अकबरपूरच्या उतारावरून नर्मदा ओलांडून माळव्यात शिरला आणि काही दिवसांतच उज्जैनजवळ धर्मातच्या रणांगणावर त्याने दिल्लीच्या तख्ताची वाट मोकळी केली. उलट दिशेने १७२० मध्ये निजामुल्मुल्क माळव्यातून निघून नर्मदापार झाला. असीरगड त्याला लढाईवाचून मिळाला, बऱ्हाणपूर हाती आले, आणि जूनमध्ये खांडव्याजवळ त्याने सय्यद बंधूंच्या दिलावर अली खानाचा पराभव केला. हैदराबादच्या आसफजाही राज्याचा पाया ज्या मोहिमेत घातला गेला, तिची पहिली लढाई अशी निमाडच्या भूमीवर झाली.

मराठे याच वाटेने उत्तरेत गेले. १७२८ च्या नोव्हेंबरात चिमाजी अप्पांनी नर्मदा ओलांडून अमझेऱ्यास गिरधर बहादुराचा पाडाव केला आणि माळव्याचे दार उघडले. शिंदे, होळकर व पवार यांचा उत्कर्ष येथूनच. या काळात नर्मदेचे उतार मराठी फौजांना आपल्या अंगणासारखे परिचित झाले. १७४० च्या फेब्रुवारीत निजामपुत्र नासिरजंगाशी मुंगी-शेवगाव येथे तह होऊन खरगोन व हंडिया हा निमाडचा मुलूख थोरल्या बाजीरावांना जहागीर मिळाला. या जहागिरीची व्यवस्था लावण्यास बाजीराव नर्मदातीरी आले. रावेरखेडीच्या उताराजवळ त्यांचा तळ असता त्यांना ज्वर आला आणि २८ एप्रिल १७४० रोजी, वयाची चाळिशी गाठण्यापूर्वीच, ते मृत्यू पावले. ज्या नदीपलीकडे मराठ्यांचे साम्राज्य नेण्याचे स्वप्न त्यांनी पाहिले, तिच्याच वाळवंटाशेजारी त्यांची समाधी आहे. सनावदहून तेथे जाता येते. आयुष्यात अनेकदा हा प्रांत ओलांडून गेलेला तो पुरुष, निमाडची घडी बसविण्यासाठी थांबला तो एकदाच. आणि तेवढ्यातच काळाने गाठले.

बाजीरावांना जे साधले नाही, ते सत्तावीस वर्षांनी एका स्त्रीने केले. अहिल्याबाईंचे पती खंडेराव १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पडले, सासरे मल्हारराव १७६६ मध्ये गेले आणि पुत्र मालेराव १७६७ मध्ये. राज्याचा भार शिरावर येताच त्यांनी राजधानीसाठी महेश्वर निवडले. लष्करी सोयीचा विचार केला तर माळव्याचे पठार अधिक योग्य ठरले असते. त्यांनी फौजेची जबाबदारी तुकोजी होळकरांकडे दिली आणि स्वतः नदीकाठी कारभाराला बसल्या. १७९५ च्या १३ ऑगस्टला त्यांनी देह ठेवला, तोपर्यंत हे स्थान सुटले नाही. काशी, गया, सोमनाथ अशा दूरदूरच्या क्षेत्री त्यांनी बांधलेल्या देवळांची कीर्ती सर्वांना ठाऊक आहे. परंतु निमाडच्या दृष्टीने त्यांचे सर्वांत मोठे काम म्हणजे त्या येथे राहिल्या, हेच होय.

राज्यकर्ता एका ठिकाणी स्थिर झाला, म्हणजे काय घडते हे महेश्वरात पाहावे. घाट झाले, देवळे झाली. त्याबरोबर सराफ आले, शास्त्री आले, कारागीर आले. बऱ्हाणपूर, सुरत इत्यादी ठिकाणांहून कोष्टी व साळी आणून वसविले, अशी परंपरा आहे, आणि त्यांच्या मागांवर महेश्वरी लुगडे जन्मास आले. त्याचे वैशिष्ट्य असे, की काठ दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. चटई, विटा, हिरा, लहर ही काठांवरील नक्षीची नावे किल्ल्याच्या भिंती व नदीचे पाणी यांच्याशी नाते सांगणारी आहेत. सुताच्या ताण्याबाण्याने सुरू झालेल्या या वस्त्रात पुढे रेशीमही आले. विसाव्या शतकात ही कला क्षीण होत चालली असता, सत्तरच्या दशकाच्या अखेरीस होळकर घराण्यातील मंडळींच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या रेवा सोसायटीने तिला नवे बळ दिले. आज महेश्वराच्या गल्लीबोळांतून मागांचा खडखडाट ऐकू येतो, त्याचे मूळ अडीचशे वर्षांपूर्वीच्या त्या एका निर्णयात आहे.

दुसरी गोष्ट भिल्लांची. सातपुडा व विंध्य यांच्या वाटा भिल्लांच्या ताब्यात. वाटसरूंना उपद्रव होई, तेव्हा पूर्वीचे अंमलदार शिरच्छेद व गावे जाळणे एवढाच उपाय जाणत. अहिल्याबाईंनी गुन्हेगारास शिक्षा केलीच. पण त्याचबरोबर भिल्लांचा परंपरेचा हक्क मान्य केला. त्यांच्या हद्दीतून जाणाऱ्या मालावर अल्पशी ‘भिलकवडी’ घेण्याचा त्यांचा अधिकार कायम ठेवला आणि बदल्यात आपल्या हद्दीत चोरी झाल्यास भरपाईची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. सर जॉन माल्कमने १८२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य हिंदुस्थानच्या वृत्तांतात या व्यवस्थेची नोंद करून अहिल्याबाईंच्या कारभाराची मुक्त कंठाने प्रशंसा केली आहे. माल्कम हा शत्रुपक्षाचा सेनानी, हे लक्षात घेतले म्हणजे त्या प्रशंसेचे मोल कळते.

त्यांच्या मागे हे सुख टिकले नाही. शिंदे-होळकरांचे वैर पेटले. १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी खांडवा जाळले. पाठोपाठ पेंढारी आले. १८०० ते १८१८ हा काळ माळवा-निमाडच्या लोकांनी ‘गर्दीचा काळ’ म्हणून स्मरणात ठेवला. गावे ओस पडली, शेतांत झाडोरा माजला. चितू पेंढारी इंग्रजी फौजांपुढून पळता पळता १८१९ मध्ये असीरगडाजवळच्या जंगलात वाघाच्या तोंडी पडला. शेतात जंगल किती शिरले होते, याची कल्पना यावरून करता येईल. १८१८ च्या मंदसोर तहानंतर होळकरांची राजधानी इंदुरास गेली आणि १८१९ मध्ये असीरगड इंग्रजांच्या हाती गेला. शिंद्यांकडील निमाड पुढे इंग्रजी व्यवस्थेखाली आले. १८६४ मध्ये त्या जिल्ह्याचे ठाणे मंडलेश्वराहून खांडव्यास हलविण्यात आले. खरगोन-महेश्वर होळकरांकडे व बडवानी तेथील सिसोदिया राणांकडे राहिले.

डोंगरातील माणूस मात्र स्वस्थ नव्हता. सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा खाज्या नाईक आणि बडवानीकडील भीमा नाईक यांनी १८५७ च्या उठावात शस्त्र उचलले. १८५८ च्या अखेरीस तात्या टोपे नर्मदा ओलांडून दक्षिणेत आले, निमाडातून भरधाव निघाले आणि पुन्हा नदीपार झाले. त्या धामधुमीत खांडव्याला दुसऱ्यांदा आग लागली. पुढे पूर्व निमाडच्या तंट्या भिल्लाने सावकार व सरकार या दोघांनाही वर्षानुवर्षे झुंजविले. १८८९ च्या ४ डिसेंबरला जबलपुरात त्याला फाशी झाली. लोकांनी त्याला ‘तंट्यामामा’ म्हणून घरात घेतले.

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात हिंदी कापसाला अपूर्व भाव आला आणि काळ्या जमिनीचे भाग्य पालटले. १८७० मध्ये मुंबई-जबलपूर लोहमार्ग पूर्ण झाला व खांडवा त्यावरील मोठे स्थानक झाले. महाराजा दुसरे तुकोजीराव होळकर यांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले व त्यातून खांडवा-इंदूर लोहमार्ग निघाला. बडवाहजवळ नर्मदेवर पूल पडला, आणि हजारो वर्षांत प्रथमच ही नदी ओलांडण्यासाठी उताराची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. खांडवा, सनावद, खरगोन, सेंधवा येथे सरकीचे कारखाने उभे राहिले. १९२४ मध्ये इंदुरास सर अल्बर्ट हॉवर्ड यांच्या नेतृत्वाखाली वनस्पती-उद्योग संस्था निघाली, तीही मुख्यतः कापसाच्या संशोधनासाठीच. काडीकचऱ्यापासून खत करण्याची ‘इंदूर पद्धत’ तेथूनच जगात गेली.

आजही कापूस हेच निमाडचे मुख्य नगदी पीक होय. त्याच्या जोडीला ज्वारी, मका, तूर, सोयाबीन आणि पाण्याच्या सोयीने गहू ही पिके होतात. बेडियाचा मिरचीचा बाजार देशभर प्रसिद्ध असून हंगामात लाल मिरचीने माखलेली खळी दुरून डोळ्यांत भरतात. तापीकाठच्या बऱ्हाणपुरात केळीच्या बागा आहेत. ज्वारीची भाकरी व अंबाडीची भाजी हे येथील घरगुती अन्न, तेव्हा खानदेशी माणसाला येथे परकेपणा वाटत नाही. चैत्रात रनुबाई व धनियर राजा यांची गणगौर घरोघर बसते, आणि शरद पौर्णिमेस संत सिंगाजींच्या समाधीवर यात्रा भरते. सोळाव्या शतकातील हे गवळी संत निमाडीचे आद्य कवी मानले जातात. माखनलाल चतुर्वेदींनी ‘कर्मवीर’ पत्र चालविले ते खांडव्याहून, आणि गायक किशोरकुमारांचा १९२९ मधील जन्मही त्याच गावचा.

आता या नदीच्या आधुनिक प्रकरणाकडे वळले पाहिजे. नर्मदेच्या पाण्याची वाटणी ठरविण्यास १९६९ मध्ये लवाद नेमला गेला व त्याने १९७९ च्या डिसेंबरात अंतिम निवाडा दिला. एकूण २८ दशलक्ष एकर-फूट पाणी धरून मध्य प्रदेशास १८.२५, गुजरातेस ९, राजस्थानास ०.५ व महाराष्ट्रास ०.२५ असा वाटा ठरला. त्यानंतर निमाडात पुनासा येथे इंदिरा सागर धरण झाले. त्याचा जलाशय साठ्याच्या दृष्टीने भारतात सर्वांत मोठा, १२.२२ अब्ज घनमीटर पाणी त्यात मावते आणि वीजनिर्मितीची क्षमता एक हजार मेगावॉट आहे. पाठोपाठ २००७ मध्ये ओंकारेश्वराचे ५२० मेगावॉटचे केंद्र चालू झाले. कालव्यांनी कोरडवाहू शेतात पाणी खेळू लागले. निमाडच्या कुणब्याने पिढ्यान्‌पिढ्या ज्याची आस धरली, ते पाणी असे अनेक गावांना लाभले, हे नाकारता येणार नाही.

पण त्याची किंमतही निमाडनेच दिली. इंदिरा सागराच्या पाण्यासाठी २००४ च्या उन्हाळ्यात हरसूद हे भरले नगर लोकांनी आपल्या हातांनी पाडले. दारे-खिडक्या, कौले, विटा गाड्यांत भरून माणसे निघून गेली. सिंगाजींची समाधी बांध घालून वाचविण्यात आली; आज ती चारी बाजूंनी पाण्याने वेढलेली आहे. पश्चिमेकडे गुजरातेतील सरदार सरोवराचे पाणी चढत आले. त्या प्रकल्पाने बाधित म्हणून मध्य प्रदेशातील १९२ गावे व धरमपुरी नगर, महाराष्ट्रातील नंदुरबार जिल्ह्यातील ३३ गावे आणि गुजरातेतील १९ गावे नोंदली गेली. म्हणजे सर्वांत मोठा वाटा निमाड व त्यालगतच्या डोंगरी पट्ट्याचा. त्या धरणाच्या विजेचा ५७ टक्के भाग मध्य प्रदेशास मिळावयाचा, पाणी मात्र प्रामुख्याने गुजरातेच्या शेतीस. मेधा पाटकर यांच्या नेतृत्वाखाली नर्मदा बचाव आंदोलनाने याविषयी जो प्रश्न उभा केला, तो देशभर गाजला. १९८९ च्या सप्टेंबरातील हरसूदचा मेळावा त्यातील मोठा टप्पा. बाबा आमटे १९९० मध्ये आनंदवन सोडून बडवानीजवळ कसरावदास नदीकाठी येऊन राहिले, ते जवळजवळ दशकभर. सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये बांधकामास परवानगी दिली. २०१७ मध्ये धरणाचे दरवाजे बंद झाले, आणि २०१९ च्या सप्टेंबरात पाणी प्रथमच १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीस पोहोचले. बडवानीच्या राजघाटावर गांधीजी, कस्तुरबा व महादेवभाई यांच्या अस्थींचे स्मारक होते. तेही २०१७ मध्ये उचलून उंचावर न्यावे लागले. चिखलदा, निसरपूर यांसारख्या जुन्या वस्त्यांच्या जागी आता पाणी आहे. ज्या काळ्या गाळाच्या जमिनीने साडेतीन हजार वर्षे गहू पिकविला, तिचा मोठा पट्टा या पाण्याखाली गेला.

इंदूर व परिसरातील श्रोत्यांना या कथेत एक वैयक्तिक धागा सापडेल. १९७८ पासून मंडलेश्वराजवळच्या जलूद येथून नर्मदेचे पाणी उपसून, सुमारे सत्तर किलोमीटर अंतर व चारशे मीटरांहून अधिक चढ चढवून इंदुरास आणले जाते. २०१४ मध्ये याच नदीचे पाणी क्षिप्रेत सोडण्याची योजना पूर्ण झाली, तेव्हापासून उज्जैनच्या घाटांवरही ते पोहोचते. ज्या घाटवाटांनी फौजा खाली उतरत, त्यांच्याच आसपासच्या डोंगरांतून आता पाणी वर चढते. पठारावरच्या शहरांची तहान निमाड भागवितो. म्हणून निमाडात काय घडते, तेथील विस्थापितांना जमीन मिळाली की नाही, नदीचे पाणी स्वच्छ राहिले की नाही, हे प्रश्न घाटाखालच्या लोकांपुरते राहत नाहीत.

प्रवासाची हौस असलेल्यांनी हा प्रांत हिवाळ्यात पाहावा. जाम घाटाने उतरून मंडलेश्वर व महेश्वर करावे. महेश्वरी अहिल्याबाईंची साधी गादी, राजवाड्याचे लाकडी खांब, विठोजीरावांची छत्री हे सर्व आहेच. पण सकाळी काळ्या मातीची शेकडो लहान शिवलिंगे करून, पूजा झाल्यावर ती नदीत सोडण्याचा जो विधी त्यांच्या काळापासून चालत आला आहे, तो अवश्य पाहावा. तेथून ओंकारेश्वर, रावेरखेडी, मग असीरगड व बऱ्हाणपूर असा क्रम सोयीचा आहे. नदीला उजव्या हातास ठेवून तिची पायी परिक्रमा करणारे यात्री वाटेत भेटतील. त्यांना भाकरी व निवारा देण्याची निमाडच्या गावांची रीत अजून चालू आहे, आणि गाव उठून नव्या वसाहतीत गेले तरी पुष्कळ ठिकाणी ती त्यांनी सोबत नेली आहे.

बाजीराव, निजाम, औरंगजेब या प्रांतावरून गेले, आणि त्यांच्या लढायांचे दिवस आपण पाठ करतो. कुंडी भंडाऱ्याचे कुंड खणणारे, महेश्वराचा माग चालविणारे, भिलकवडी घेऊन वाट राखणारे, हरसुदाची घरे स्वतः उतरवणारे यांची नावे मात्र कोठे फारशी लिहिलेली नाहीत. अहिल्याबाईंना या लोकांत राहावेसे वाटले, आणि त्यांच्या राहण्याने काय उभे राहिले ते आजही महेश्वरात दिसते. नर्मदेचे पाणी कोठे, किती व कोणासाठी न्यावे, याचा विचार ज्यांना करावयाचा आहे, त्यांनी त्या घाटाच्या पायऱ्यांवर काही काळ बसून तो करावा.